अळणी

आगरवाड्याला उतरलो तेव्हा दुपारचे दोन वाजलेले.
मिठागरांतली चार चालू,
बाकीच्यांत कांदळ घुसलेली,
एकात कुणी कोळंबी सोडलेली.
पिशवीत रेकॉर्डर, दोन वह्या
आणि पंथाच्या ट्रस्टने दिलेला आगाऊ चेक,
अजून न वटवलेला.

चरित्र लिहायचं ते निर्लवण महाराजांचं.
मूळ नाव म्हाळू धोंडू शेटकर, मिठागरात पाट्या वाहणारा.
मुक्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षी, ऐन मार्चात,
मिठाच्या राशीपुढे उभा राहून म्हणाला,
हे समुद्राचं दुःख आहे,
आपण ते मापाने विकतो.
त्या दिवसापासून मीठ वर्ज्य.
चाळीस घरांनी मिठाची मडकी फोडली.
ट्रस्टच्या पुस्तिकेत चारशे लिहिलंय.

कायतान फुर्ताद, वय ब्याऐंशी,
टाचांना अजून मिठाने पाडलेल्या भेगा,
म्हणाला, "दुख्ख?
आमच्या पोटार पाय दिलो ताणें.
दोन वर्सांनी तींच मिठागरां
म्हापशाच्या शेटान मातयेच्या मोलान घेतलीं.
मदीं कोण आशिल्लो, तें सोद."

शोधलं. पेडण्याला दस्त मिळाला.
खाली साक्षीदाराचा अंगठा, निळा, एका बाजूला पुसट.
शेजारी लिहिलेलं नाव वाळवीने खाल्लेलं.
वाळवीला काहीच वर्ज्य नसतं.

त्याची मुलगी मानशीच्या पाण्यात बुडाली
आणि तिथून हे सगळं सुरू झालं,
असं निवृत्त मास्तर सांगतात.
बुडाली कसली, बेळगावला नांदते,
गेल्या चवथीपर्यंत तिची पत्रं मीच वाटली,
असं पोस्टमन.
मी दोन्ही उतरवून घेतलं, दोन शायांत.
रात्री खोलीवर वाचताना
कुठली शाई कुणाची ते आठवेना.

चौथ्या दिवशी पसरकाराचा नातू म्हणाला,
आजोबांची उधारीची वही आहे, उंदरांनी सोडली तेवढी.
एकोणसत्तर सालचा जुलै.
म्हाळू शेटकर. काडेपेटी, रॉकेल, मीठ एक पायली.
ऑगस्ट. मीठ एक पायली.
सप्टेंबरात पान कुरतडलेलं, पण पायली दिसते.
अशी नऊ वर्षं,
तो नाहीसा झाला त्या महिन्यापर्यंत.
बाकी शून्य. उधारी चुकती.

असली वही जन्मात एकदा हाती लागते.
पसऱ्याच्या बाकावर बसून मी लिंबूसोडा मागवला.
हात थरथरत होते. खोटं कशाला बोलू, आनंदाने.
मुलाने विचारलं, गोड की मीठ घालून?
मला उत्तर सुचेना.

वही घेऊन द्रुपदाबाईंकडे गेलो.
पहिल्या चाळीस घरांतल्या आता त्या एकट्याच उरल्यात.
नोंदी वाचून दाखवल्या, तारखेनिशी, सावकाश,
वकिलासारख्या.
त्या तांदूळ निवडत होत्या. निवडत राहिल्या.
"ठाऊक आहे," म्हणाल्या.
"मीच आणायची त्याच्या नावावर."
कुणासाठी?
"पेज खाणार ना?"

पेज, उकडलेला फणस, तोराची फोड.
पहिला घास जिभेवर नुसता पडून राहिला,
पाहुण्याच्या घरी पाहुणा बसावा तसा.
तिसऱ्या घासाला तांदळाची चव आली,
आधी कधीच न आलेली. हेही लिहायला हवं.
"घरात एक तरी खाणारं हवं होतं,"
ताट उचलताना त्या एवढंच बोलल्या,
आणि ते एक कोण, हे विचारायच्या आत
कोंबड्या हाकायला मागच्या दारी गेल्या.
बराच वेळ आल्या नाहीत.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
मी त्या घरी पोटभर जेवलो,
मिठाचा कण नव्हता.
वही माझ्या मांडीवर, चेक माझ्या खिशात.
आता मी जागायचं कुणाला?

परतीची बस कायतानच्या घरावरून जाते.
तो उंबऱ्यात बसून टाचांना खोबरेल लावत होता,
मान वर केली नाही.
शिवोलीपर्यंत उभ्यानेच आलो.
घाम पुसायला रुमाल सापडेना,
आणि जीभ चुकून
वरच्या ओठावरून फिरली.